डोंगराकडची धुरी

तिने डुकराची तंगडी फळीवर उलटी केली, मांडीच्या हाडापाशी अंगठा रुतवला आणि जोर लावून खालपर्यंत दाबत आणला. हाडालगत राहिलेलं रक्त बाहेर आलं. ते फडक्याने टिपून तिने खडेमिठाची परात पुढे ओढली.

"अजून एकदा दाब," दाराजवळच्या आरामखुर्चीतून नवरा म्हणाला. "रक्त राहिलं की तिथूनच सडायला लागते."

"चाळीस वर्षं हेच करतेय. मला नका शिकवू."

"तुमच्याकडच्या रीतीनं करतेस. आमच्याकडच्या रीतीनं आज पहिल्यांदाच."

हे मात्र खरं होतं. मांसाचं हे दुकान तिच्या वडिलांचं, त्यामुळे तंगडी मुरवायची रीतही तिच्या माहेरची, समुद्राकडची. नुसतं मीठ लावायचं आणि मग खाऱ्या वाऱ्यावर टांगून ठेवायचं. तो डोंगराकडचा. तिकडे मिठात ठेचलेला लसूण आणि भरडलेली मिरी मिसळतात, वर तीन आठवडे लाकडाच्या भुशाची धुरी देतात आणि मगच तंगडी आढ्याला टांगतात. लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात त्याने धुरीचं नाव काढलं, तेव्हा ती सगळ्यांदेखत म्हणाली होती, "तंगडी खायचीय की जळकी वहाण?" दुकानभर हशा पिकला. तोही हसला, पण पुन्हा त्याने तो विषय काढला नाही. तिनेही कधी विचारलं नाही. आता ते आठवलं की तिला स्वतःचीच लाज वाटे.

गेल्या मंगळवारी त्याला तपासून झाल्यावर डॉक्टरांनी तिला एकटीला आत बोलावलं होतं. दोन महिने, फार तर तीन. बाहेर बाकावर बसलेल्या नवऱ्याला तिने सांगितलं, "अशक्तपणा आहे म्हणाले." बुधवारी सकाळी ती बाजारातून ही तंगडी घेऊन आली.

"किती भरली गं?" त्याने विचारलं.

"नऊ किलो. लहानच आहे. तीन महिन्यांत होईल तयार."

हे तिने परातीकडे बघत सांगितलं. घाई करणाऱ्या कितीतरी गिऱ्हाइकांना याच माणसाने वाटेला लावलं होतं. तंगडी मुरायला वर्ष म्हणजे वर्ष, आधी कापली तर आतून कच्ची निघेल, असं तो ठणकावून सांगायचा. तिने चोरून वर पाहिलं. तो तंगडीकडे बघत होता.

"होईल की," तो म्हणाला. "लसूण ठेचलास?"

तिला हायसं वाटलं. आजारपणात माणूस हिशेब विसरतो, अशी तिने मनाची समजूत घातली आणि लसूण मिठात कालवला. मग मिरीच्या डब्यात हात घालून तिने चांगल्या दोन मुठी परातीत टाकल्या. एवढ्या वर्षांची कसर एकाच तंगडीत भरून काढायची होती तिला.

"मिरी फार झाली. अर्धी काढ."

"अहो, तुम्हाला झणझणीत आवडतं ना?"

"मला आवडतं. तुला ठसका लागतो."

तिचा हात परातीतच थांबला.

"आणि कापशील तेव्हा जाड काप," तो सावकाश सांगत राहिला. "तुमच्याकडच्यासारखी पातळ कापलीस तर धुरी कळत नाही. एकटीला नऊ किलो संपायची नाही, निम्मी लेकीकडे पाठव."

तिने मिठावरची मिरी बोटांनी ओढून मूठभर परत डब्यात टाकली. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. हात मीठ-मिरीने माखलेले, त्यामुळे पुसायचीही सोय नव्हती.

तो खुर्चीचा हात धरून उठला. भिंतीच्या आधाराने चार पावलं चालत तिच्यापर्यंत आला आणि शर्टाच्या बाहीने तिचे डोळे पुसले, आधी एक, मग दुसरा.

"चोळ आता," तो म्हणाला. "मिठाला पाणी सुटायला लागलंय."