टायरमधला मुरूम

"काका, ते टायर आहे, खरबूज नाई," पिंटू म्हणाला.

खुशालरावांनी टायर नाकाशी धरलं होतं. त्यांनी वास घेतला, अंगठ्याने रबर दाबलं, मग कडेच्या कंपनीच्या नावावरून नख फिरवलं. "जुन्यावर नवं रबर तर नाई ना चढवलं?"

"कंपनीचा कागद बी निंगाला नाई अजून. हा पाहा."

"कागद कोनीबी चिकटवते."

पिंटूने रागिणीकडे पाहिलं. खुशालरावांची सून रागिणी गाडीच्या सीटला टेकून उभी होती आणि हसू दाबत होती. तेल्हाऱ्याच्या बसस्टँडमागचं पिंटूचं दुकान तिला नवं नव्हतं, पण सासऱ्यांना घेऊन ती पहिल्यांदाच आली होती. खरं तर सासरे स्वतःच आले होते. सुनेला दुकानदार फसवणार याबद्दल त्यांची खात्री होती.

खुशालरावांची सगळी नोकरी धामणगाव रेल्वे या गावी एका जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या गिरणीच्या, फाटकावर पहारा करण्यात गेली. शंका घ्यायचा त्यांना पगार मिळत होता. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाचा डबा उघडायचा, धोतराचा सोगा चाचपायचा, पिशवी उलटी करायची. एका मजुराने तर सायकलच्या ट्यूबमध्ये सरकीचं तेल भरून अख्खा हंगाम बाहेर नेलं. हवा भरपूर असूनही सायकल ढकलताना तो वाकतो कशाला, एवढ्यावरून खुशालरावांनी त्याला धरलं. मालकाने चारचौघांत पाठ थोपटली होती. तेव्हापासून टायर या वस्तूवरचा त्यांचा विश्वास उडाला तो उडालाच. नोकरी संपली, ते गावी तेल्हाऱ्याला परत आले, पण शंकेला कोणी निवृत्तीचा हार घातला नाही.

गाडी बदलायची वेळ पावसाने आणली होती. रागिणी नर्स होती. तिचं उपकेंद्र आडवळणाच्या खेड्यात. फाट्यापर्यंत डांबर आणि पुढे नुसती काळी माती. ही माती ओली झाली की चाकाला धरते आणि सोडत नाही. तिच्या स्कुटीचं चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये इतका चिखल बसायचा की चाक फिरायचंच थांबायचं. मग भर पावसात उतरून काडीने चिखल कोरायचा, चार पावलं जायचं, पुन्हा कोरायचा. शेवटी तिने स्कुटी देऊन मोठ्या चाकांची, गिअरची जुनी मोटरसायकल घेतली आणि पुढचं मडगार्ड उचलून बसवून घेतलं.

बाईमाणसाने गिअरची गाडी चालवायची म्हणून गल्लीत कुजबुज झाली. खुशालराव मात्र सुनेच्या बाजूने ठाम उभे राहिले. सगळ्यांना आश्चर्य वाटलं. खरं कारण त्यांनी कोणाला सांगितलं नाही. स्कुटीला सीटखाली कुलूपबंद डिक्की असते आणि तिच्यात काय आहे ते दिसत नाही. मोटरसायकलला तसलं काही नसतं.

"रस्ता कसा आहे ताई?" पिंटूने विचारलं.

"अर्धा डांबर, अर्धा चिखल."

"मंग मांगं बटन टायर टाका, अन् पुढं हे उभ्या रेघांचं." त्याने दुसरं टायर काढलं. बटन टायरवर रबराच्या जाड गुट्ट्या होत्या, त्या चिखलात रुतून गाडी पुढे ओढतात. "बटन चिखलाले चांगलं. पन ओल्या डांबरावर पुढचं चाक सटकते. पुढं रेघांचंच पायजे."

"रोहितबी हेच म्हने," रागिणी बोलून गेली.

खुशालरावांचे कान टवकारले. रोहित आरोग्य केंद्रात रक्त तपासायचा. रक्त तपासणाऱ्याला टायरातलं काय कळतं, आणि कळत असलं तरी आपल्या सुनेच्या टायरशी त्याला काय करायचं? ते बटन टायरकडे बघत राहिले. गुट्ट्यांच्या मध्ये चांगली बोटभर खोल फट होती. त्यांनी तिच्यात अंगठा घातला. फाटकावर उभं राहून डबे तपासणाऱ्या माणसाच्या डोक्यात जे यायचं तेच आलं. या फटीत माती अडकते. माती जिथली असेल, तिथलीच राहते.

"दोन्हीकडं बटन टाक," ते म्हणाले.

"काका, पान्यात सटकन."

"सांगतलं ना. दोन्हीकडं."

पिंटू रागिणीच्या तोंडाकडे बघायला लागला. रागिणीने होकाराची मान हलवली. सासरे तिच्यासाठी म्हणून एखादी गोष्ट इतक्या हट्टाने कधी मागत नसत. तिला ती काळजी वाटली.

कुलदीप, तिचा नवरा, खुशालरावांचा एकुलता एक मुलगा, तापाने गेला त्याला चार वर्षं होत आली होती. मूलबाळ नव्हतं. वर्षश्राद्ध झालं की पोरगी माहेरी जाणार असं सगळे धरून चालले होते. ती गेली नाही. सासू आशाबाईंच्या गोळ्या, घरातलं किराणा सामान, खुशालरावांच्या डोळ्याचं ऑपरेशन, सगळं तिने अंगावर घेतलं. खुशालरावांना याचा आनंद होता आणि त्या आनंदाचीच त्यांना भीती वाटायची. ही थांबली काहून, हे त्यांना कधी उमगलं नाही. आणि ज्याचं कारण कळत नाही ते कधीही संपू शकतं, असं त्यांना वाटे.

त्या दिवसापासून संध्याकाळी रागिणी घरी आली की खुशालराव अंगणात गाडीजवळ उकिडवे बसत. हातात बाभळीचा काटा. गुट्ट्यांच्या फटीतली माती कोरायची, तळहातावर घ्यायची, चष्मा सरकवून बघायची. काळी चिकट माती म्हणजे उपकेंद्राची वाट. बारीक गिट्टी म्हणजे फाटा. लेंड्या म्हणजे पुलाजवळचा मेंढ्यांचा कळप. सगळं जागच्या जागी सापडलं की त्यांना चहा गोड लागायचा.

"काय करून राहिले हो रोज?" आशाबाई दारातून विचारायच्या.

"खडे काढून राहिलो. टायर खराब होते."

"राहू द्या मामाजी, मी धुवून टाकतो," रागिणी म्हणायची.

"नाई नाई. तू थकून आली. तू बस."

श्रावण असाच गेला. मग एका शनिवारी काट्याच्या टोकावर लाल मुरूम आला.

खुशालरावांनी तो बोटांत चुरडला. आजूबाजूच्या शिवारात सगळी जमीन काळी. लाल मुरूम आपणहून कुठे नसतो, तो ट्रकने आणून टाकावा लागतो. आणि तो टाकला होता गावाबाहेरच्या नव्या लेआउटमध्ये, जिथे प्लॉट पाडून घरं उठत होती. उपकेंद्राच्या वाटेवर ते लेआउट नव्हतं.

"आज उशीर झाला?" त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"लसीकरण होतं मामाजी."

पुढच्या शनिवारी पुन्हा मुरूम. त्याच्या पुढच्या शनिवारी खुशालराव छत्री घेऊन पायी लेआउटकडे गेले. रागिणीची गाडी एका बैठ्या घरासमोर उभी होती. कोपऱ्यावरच्या चक्कीवाल्याला त्यांनी घर कोणाचं ते विचारलं. "लॅबवाले रोहित सर राह्यते तठी. ते अन् त्याइची माय."

जिनिंगमध्ये चोरी पकडली की छाती फुगायची. इथे त्यांनी त्या घराकडे पाठ फिरवली. ते छत्री मिटूनच परत आले आणि घरी पोचेपर्यंत भिजले आहोत हे त्यांच्या लक्षात आलं नाही. त्यांनी आशाबाईंना सांगितलं नाही, रागिणीला विचारलं नाही. फक्त काट्याने माती कोरत राहिले आणि दर शनिवारी तो मुरूम दिसू नये अशी आशा करत राहिले.

परतीच्या पावसात एका सकाळी भुरभुर चालू होती. रागिणी नेहमीसारखी निघाली, आणि दुपार व्हायच्या आत एक कार दारात थांबली. रोहित उतरला, त्याने दार उघडून रागिणीला हात दिला. तिच्या कोपराला पट्टी होती आणि गुडघ्याशी सलवार फाटलेली.

"फाट्याच्या वळणावर पुढचं चाक सटकलं," रोहित म्हणाला. "हाड मोडलं नाही, एक्स-रे काढला. गाडी तिथल्या हॉटेलात ठेवली काका, उद्या आणून देतो. पुढचं टायर तेवढं..."

"राहू द्या ना ते," रागिणी म्हणाली.

पाणीही न घेता रोहित गेला. त्याच्या बुटांचे लाल ठसे ओसरीच्या फरशीवर राहिले. खुशालराव त्यांच्याकडे बघत होते. मी सांगितलं दोन्हीकडं बटन टाक, हे त्यांना बोलता आलं नाही, आणि जे बोलायला नको होतं तेच तोंडातून निघालं.

"शनवारी तू लेआउटात जाते. टायरले मुरूम लागते."

रागिणी त्यांच्याकडे बघत राहिली. हळूहळू सगळं तिच्या ध्यानात येत गेलं. बटन टायर, काटा, रोजचं ते अंगणात बसणं.

"मी दवाखान्यात सगळ्याइले सांगो," ती म्हणाली, "का आमचे मामाजी रोज माह्या गाडीचे टायर साफ करते. बाकीच्या बाया म्हनत, नशीबवान आहेस."

खुशालरावांनी मान खाली घातली.

"मले सरळ विचारलं असतं तं सांगितलं असतं मामाजी. तुमी टायरले विचारलं."

आशाबाई हळदीचं दूध घेऊन दारात उभ्या होत्या. शेवटी खुशालराव म्हणाले, "मंग आता तुले विचारतो."

रागिणीने सगळं सांगितलं. रोहितच्या आईला मधुमेह होता, शनिवारी तिच्या पायाच्या जखमेची पट्टी बदलायला म्हणून जाणं सुरू झालं. मग ती माउली दुसऱ्याच, लग्नाच्या विषयावर आली. रोहितची बदली अमरावतीला झाली होती, दिवाळीनंतर त्याला हजर व्हायचं होतं. रागिणीलाही तिकडे जागा मिळत होती. त्यांना तिचं उत्तर हवं होतं.

"अन् तू काय म्हटलं?"

"काई नाई म्हटलं अजून."

"काहून?"

"तुमी दोघं आहा ना," रागिणी म्हणाली.

खुशालरावांनी आशाबाईंकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नवल नव्हतं. "मी तिले कवाच सांगतलं, हो म्हन म्हनून," त्या म्हणाल्या. "ते तुमच्यासाठी थांबली." घरातल्या घरात एवढी मोठी गोष्ट ये-जा करत होती आणि फाटकावरच्या माणसाला पत्ता नव्हता. कधी उमगलं नव्हतं ते कारण आज समोर होतं. आपण नाही म्हटलं तर ही राहील, हेही त्यांना त्या क्षणी लख्ख कळलं. त्यांना नाही म्हणायचं होतं. ते उठून बाहेर गेले.

मग बरेच दिवस घरात कोणी तो विषय काढला नाही. दसरा होऊन गेला. पाऊस संपला, पहाटे थंडी वाजू लागली. कोपर बरं झाल्यावर रागिणी पुन्हा गाडीवर जाऊ लागली, वळणावर फार हळू. संध्याकाळी खुशालराव गाडीजवळ बसत नसत. शनिवारी तर ते देवळात जाऊन बसत.

दिवाळीच्या तोंडावर, रविवारी, रागिणी आणि आशाबाई चकल्या करत होत्या. खुशालरावांनी किल्ली घेतली. त्यांना मोटरसायकल चालवता येत नव्हती. भर बाजारातून ती जड गाडी त्यांनी हाताने ढकलत नेली, मधे दोनदा थांबून दम खाल्ला. ओळखीचे लोक विचारत होते, पेट्रोल संपलं काय. ते हो म्हणत होते.

"दोन्ही चाकाले रेघांचं टाक," त्यांनी पिंटूला सांगितलं. "डांबरावर पकडन असं. चांगलं दे."

"काका, ताईची वाट चिखलाची आहे. पुढच्या पावसाळ्यात मांगं तरी बटन ठेवा."

"नाई लागत."

पिंटूने एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि पाना उचलला.

ते परत आले तेव्हा रागिणी अंगणातच उभी होती. गाडी दिसली नाही म्हणून ती घाबरली होती. तिने नवी टायरं पाहिली. पुढचं पाहिलं, मागचं पाहिलं.

"मामाजी, ह्याच्यावर उपकेंद्रात नाई जाता येत. पानी आलं का गाडी रुतते."

"ठावं हाये." खुशालरावांनी गाडी स्टँडला लावली. श्वास लागला होता म्हणून ते थोडं थांबले. "अमरावतीले सगळं डांबर हाये."

रागिणीच्या हाताला चकलीचं पीठ होतं, तो हात तसाच वर राहिला. आतून आशाबाईंनी तेल तापलं म्हणून हाक मारली, तरी ती हलली नाही.

"थंडीत सकाळी दव राह्यते रस्त्यावर," खुशालराव म्हणाले. "डांबर ओलं दिसत नाई, पन असते. पुढचा ब्रेक हळू धरजो. अन् तठी पोचली का फोन करजो."

"रोज करीन," रागिणी म्हणाली.

"रोज कायले," खुशालराव म्हणाले, आणि खिशातून किल्ली काढून त्यांनी तिच्या पिठाच्या हातावर ठेवली.