गजावरची चुन्याची खूण

धसईच्या बाजारात वांग्यांच्या पाट्या तशाच टाकून माणसं मैदानात धावली. मंतरलेल्या काचा विकणाऱ्या काचबाबानं ठासणीची बंदूक उडवली. धूर विरला तर वीस पावलांवरची काच शाबूत, आणि खाली चपटी झालेली शिशाची गोळी!

"मंतरलेली काच! तोफ आणा, तोफ पाया पडेल!" बाबा गरजला. लोकांनी हात जोडले. अहो, गोळी काचेला भ्याली म्हणे, आणि शहाण्यासुरत्यांनी ते मानलं!

शकू गर्दीतून पुढं सरकली. गेल्या पौषात तिच्या नवऱ्यानं, राघोनं, बाबाची अशीच काच खिडकीला बसवली होती. दरोडेखोर आले तेव्हा तो काचेमागं छाती काढून उभा राहिला. एकाच गोळीत काच फुटली नि राघोही गेला. बाबा म्हणाला, "घरच्या बाईचा विटाळ बाधला." गावानं ते शकूच्या माथी मारलं. तिलाही ते खरंच वाटायचं. आणि आज तिचा दीर जयराम दुसरी काच घ्यायला आला होता.

बाबानं पुन्हा नळीत दारू नि चिंधीचा बोळा ठासला. शकूला बाप आठवला. रानडुकरांपासून शेत राखताना तो ठासायचा गज नळीत सोडून बाहेर किती उरला ते बोटांनी मोजायचा. बंदूक भरली की नाही, हे ओळखायची तीच रीत.

"भावजी, गोळी घालायच्या आधी गजावर चुन्याची खूण करा. नळीच्या तोंडाशी."

"बाईनं मधी बोलू नये! शक्ती जाईल!" बाबा ओरडला.

"चुन्याला भिणारी कसली रे शक्ती?" शाळेचे नामदेव गुरुजी पुढं आले. लोकही म्हणाले, "होऊ दे की!"

गज नळीत असतानाच जयरामनं चंचीतल्या चुन्यानं खूण केली. बाबानं गोळी टाकली, ठासली, गज घाईनं काढला. गुरुजींनी तो हिसकून पुन्हा नळीत सोडला. खूण तिथंच!

"गोळी आत असती तर गज बोटभर वर राह्यला असता," शकू म्हणाली.

गुरुजींनी गज उलटा केला. टोक पोकळ, आत मेण, मेणात चिकटलेली गोळी. नुसता बार उडायचा, आणि धुराच्या आडून बाबाचा चेला काचेखाली चपटी गोळी टाकायचा.

"शहरात सराफांच्या पेढ्यांना थराथरांची जाड काच असते," गुरुजी म्हणाले. "तीसुद्धा आधी तपासतात. कुठली बंदूक, किती अंतर, किती गोळ्या? ती तेवढ्यालाच पुरते. सगळ्या गोळ्या अडवणारी काच जगात नाही."

जयरामनं मान खाली घातली. "वैनी, आमी तुमाला नाय नाय ते बोललो."

शकूला हुंदका आवरेना.

"काचेत देव हाय का, ते सगळ्यांनी इचारलं," ती म्हणाली. "बंदुकीत गोळी हाय का, येवढं एकानं इचारलं असतं, तर आज माझ्या कपाळी कुंकू असतं."