नऊ नंबरची खुर्ची

नोएला मिशोच्या वहीत गावातल्या एकेचाळीस तोंडांची नोंद होती. कुणाच्या दातांवर किती कीटण, सिगारेट कोण ओढतं, दंतवैद्याकडे शेवटचं कोण कधी गेलं. कॉलेजच्या दातसफाईच्या अभ्यासक्रमाचा नियमच तसा होता: अंतिम परीक्षेला आपला रोगी आपणच आणायचा, आणि त्याच्या दातांवर जुनं, घट्ट कीटण हवं. त्यामुळे चर्चमध्ये प्रसादासाठी लोक तोंड उघडत, तेव्हा नोएला प्रार्थना सोडून शेजारून डोकावायची. वय अडतीस. दोन वर्षं घासून ती इथवर आली होती. आज घसरली तर पुढची परीक्षा वर्षभरानं, आणि दवाखान्यात तिच्यासाठी धरलेली जागा तोवर कुणी राखून ठेवणार नव्हतं.

एकेचाळिसांतून तिनं निवडलं शेजारच्या ऑरेलकाकांना. वय एकाहत्तर, खालचे सहा दात म्हणजे नुसता खडक.

"दंतवैद्याला मी भीत नाही," ते म्हणाले होते. "त्यानंच माझं तोंड बघून भ्यावं."

सकाळी आठला मात्र, नऊ नंबरच्या खुर्चीत त्यांच्या दंडाला पट्टा बांधला, तर रक्तदाबाचा वरचा आकडा निघाला एकशे शहात्तर. मर्यादा एकशे साठची. त्यावर गेला की रोगी बाद.

"तीनदा मोजता येतं," वेलेट मॅडम म्हणाल्या. परीक्षा त्यांच्या हाती होती. "एक झालं. साडेआठला दार बंद."

"काका, कॉफी घेतलीत?"

"थेंबभर नाही."

"आणि गोळी?"

"तुझ्यादेखत गाडीत गिळली की गं!"

पलीकडच्या खुर्चीशी परीक्षा देणारी टीना म्हणाली, "तुझा हिरा तडकतोय वाटतं, नोएला."

दुसऱ्यांदा एकशे ब्याऐंशी. दोन संपली, एक उरलं, मिनिटं अठरा. आता कुठे तिनं दात सोडून माणसाकडे पाहिलं. काकांनी उजवा हात डाव्या काखेत खुपसला होता. खांबामागच्या हवेच्या पंपाचा 'धप्प' आवाज झाला की त्यांचा खांदा उडत होता.

"थंडी वाजतेय का?"

"इथंच होतं ते," काका खांबाकडे बघत म्हणाले. "बुटांचे तळ कापायचं यंत्र. तुझा जन्मही झाला नव्हता तेव्हा."

कॉलेज बुटांच्या जुन्या कारखान्यात भरतं हे गावात सगळ्यांना ठाऊक. दारातच हसऱ्या कामगारांचे फोटो टांगलेत. ऑरेलकाकांची दोन बोटं कारखान्यात गेली, हेही सगळ्यांना ठाऊक. हिरड्यांपासून सिगारेटपर्यंत सारं टिपणाऱ्या नोएलानं या दोन गोष्टी एका ओळीत कधी मांडल्या नव्हत्या.

"मग बोलला का नाहीत?"

"चाळीस वर्षं झाली, पोरी. वाटलं, विसरलो असेन."

धप्प.

"मॅडम, खुर्ची बदलून मिळेल?"

"खुर्च्यांचे नंबर वरच्या ऑफिसात कळवलेत. नाही."

"मग तिसरं मोजमाप बाहेर घ्याल? याच इमारतीत?"

मॅडमनी नियमांचा कागद दोन्ही बाजूंनी वाचला. "माझ्यासमोर असेल तर कुठंही."

नोएलानं काकांना विद्यार्थी मदत कक्षात नेलं. तिथं बर्नडीन बसायची. बसचे पास, फीमाफीचे अर्ज आणि रडणाऱ्यांना रुमाल, सगळं तिच्याच खिडकीवर. तिनं काही न विचारता खुर्ची ओढून दिली. काकांनी खोलीभर नजर फिरवली.

"ही डबा खायची जागा. त्या खिडकीशी माझी बायको बसायची. म्हणजे तेव्हा बायको नव्हती, नुसतीच चिडकी पोरगी होती."

"आणि तुम्ही काय करायचात?" बर्नडीननं विचारलं.

"तिच्या डब्यातला केक पळवायचो. तिनं पुढं पस्तीस वर्षं वसुली केली."

बर्नडीन खळखळून हसली. काकांचा हात काखेतून कधी निघाला, ते त्यांनाही कळलं नाही. आकडा आला एकशे चोपन्न. मॅडमनी लिहून घेतला.

नोएलाला आनंद व्हायला हवा होता. पण हा माणूस परत त्याच खांबाशी न्यायचा होता. परीक्षेच्या दालनाच्या दाराशी काका थांबले. चेहरा पिठासारखा पांढरा पडलेला. मागून जरासं ढकललं असतं तर ते गेले असते. भिडेखातर माणसं काय काय करतात! तिला ढकलायचं होतंही.

"काका, नको असेल तर घरी जाऊ," ती म्हणाली. ते 'चल घरी' म्हणाले तर?

"आत किती वेळ?"

"तीन तास."

"पाळी आठ तासांची असायची." ते जागचे हलले नाहीत. मग म्हणाले, "बोटं गेल्यावर महिन्याभरातच मला परत त्याच यंत्रावर बसवलं. नको असेल तर, असं कुणी म्हटलं नव्हतं."

साडेआठला मिनिट उरलं असताना ते स्वतःहून नऊ नंबरच्या खुर्चीत बसले. दिवा लागायच्या आतच त्यांनी डोळे गच्च मिटून तोंड उघडलं. नोएलानं हत्यार उचललं. तिचा हात थरथरत होता. आधारासाठी तिनं बोट त्यांच्या हनुवटीवर टेकवलं, तर ती हनुवटीही थरथरत होती. आधी कुणाचं थांबतंय याची वाट बघायला वेळ नव्हता. तिनं खालच्या पहिल्या दाताला हत्यार लावलं.