परकी कातडी

“अंगठा,” शिंपीणबाई डोळे मिटून म्हणाल्या.

“बरोबर.” नवऱ्याने पेन्सिलीचं बोथट टोक त्यांच्या पुढच्या बोटावर टेकवलं.

“आता शेजारचं. आता मधलं.”

“बरोबर. अगं, पैकीच्या पैकी की.”

टेबलावरून घसरलेली इस्त्री बाई दोन्ही हातांनी झेलायला गेल्या, त्याला आता वर्ष होत आलं होतं. भाजलेल्या बोटांवर मांडीची कातडी लावली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, “मज्जातंतूचं टोक आंधळं असतं. कुठे वळायचं, कुठे फांदी फोडायची, हे त्याला भोवतालची कातडी सांगते. ही कातडी इथे परकी आहे. वाट दाखवेलच असं नाही. कुठल्या बोटाला स्पर्श झाला ते डोळे मिटून ओळखायचा रोज सराव करा.”

“मांडीला शिवणातलं काय कळणार?” बाई तेव्हा म्हणाल्या होत्या. “जन्मभर नुसती बसून राहिली.”

दारात शेजारची नर्स उभी राहिली. हातात रेशमी कापड.

“काकू, काका म्हणाले, हात बरा झाला. सोमवारपासून शिवणार म्हणे?”

“काका म्हणतात म्हणजे झाला असेल. ठेव मशीनवर.”

ती गेली. बाईंनी पुन्हा डोळे मिटले. कुठल्या बोटापर्यंत आलो होतो, ते नवऱ्याला आठवेना. ग्रंथालयात उभा जन्म पुस्तकं ओळीने लावण्यात गेलेला माणूस. चुकीच्या बोटावर टेकवायला त्याचं मन धजेना. पेन्सिल हवेतच राहिली.

“चौथं,” बाई म्हणाल्या.

त्याने पेन्सिलीकडे पाहिलं. टोक बोटांपासून वीतभर लांब होतं.

“मग करंगळी.”

पेन्सिल जागची हलली नव्हती.

“अगं, मी टेकवलीच नाही.”

बाईंनी डोळे उघडले.

“कधीपासून?” त्याने विचारलं.

“पहिल्यापासून. तुम्ही ओळ कधी मोडली नाहीत. आणि ‘बरोबर’ म्हणताना इतके खूश व्हायचात. वाटलं, म्हणता म्हणता स्पर्श कळायला लागेल.”

“मी सगळ्या गल्लीला सांगत सुटलो.”

“म्हणून तर मला बोलता येईना.”

बाई उठून मशीनपाशी गेल्या. घडी मोडून कापड सवयीने चिमटीत धरलं, आणि सोडून दिलं. मग वाकून रेशमावर गाल टेकवला. एकदा या बाजूने, एकदा त्या.

“ही सुलट,” त्या म्हणाल्या, आणि सुलट बाजू आत ठेवून मनगटांनी घडी दाबत राहिल्या. “उद्या तिला परत देऊन या.”