एकाच पदार्थाचा पांढरा

कुरलायने काचेची बशी निळसर दिव्याखालून ओढली आणि तिच्यातली भुकटी टाकाऊ रसायनांच्या बरणीत ओतली.

"पुन्हा पिवळा."

"या वेळी जरा फिका होता, आपाय," तिची विद्यार्थिनी तोग्झान म्हणाली. अल्माटीत शिक्षिकेला सगळेच आपाय म्हणतात. तिच्या तोंडी मात्र तो शब्द हल्ली दबकत यायचा.

"फिका पिवळा म्हणजे पिवळाच. आठ महिने झाले, पोरी. मला पहिल्याच खेपेला जमलं होतं. तू वजनं नीट करतेस की खिडकीतून डोंगर बघत बसतेस?"

तोग्झान बशी घेऊन नळाकडे गेली.

दोन वर्षांपूर्वी कुरलायने शिशाच्या क्षाराचे पातळ पापुद्रे आणि त्यांच्यामध्ये सेंद्रिय रेणूंचे थर अशी भुकटी बनवली होती. अतिनील दिव्याखाली ती दुधासारखी पांढरी उजळे. निळा आणि पिवळा पदार्थ एकत्र करून पांढरा उजेड कोणीही पाडतं. इथे तो एकाच पदार्थातून येत होता, आणि सारी वाहवा त्याचीच होती. शोधनिबंध छापून आला, संस्थेने तिला स्वतंत्र प्रयोगशाळा दिली. त्यानंतर तसा पांढरा पुन्हा निघाला नाही.

आज सकाळी सोलच्या एका प्रयोगशाळेतून पत्र आलं होतं. आम्हालाही जमत नाही, मूळ नमुन्यातली चिमूटभर भुकटी पाठवाल का?

कुरलायने कपाटातून ती जुनी कुपी काढली. पाठवण्याआधी एकदा पाहावं म्हणून चार कण काचपट्टीवर टाकले, सूक्ष्मदर्शकाचा अतिनील दिवा लावला आणि डोळा टेकवला.

बराच वेळ तिने मान वर केली नाही. दुसरी काचपट्टी घेतली. मग तिसरी.

काही कण निळे होते. काही पिवळे. पांढरा एकही नव्हता.

शेजारच्या चहावर साय धरली होती. तिने कप उचलला, तसाच खाली ठेवला.

"तोग्झान. इकडे ये जरा."

तोग्झानने हात पुसले आणि ती वाकून बघू लागली. तिने जेमतेम क्षणभर पाहिलं. कुरलायच्या ते लक्षात आलं.

"तुला माहीत होतं."

"मार्चपासून."

"मार्चपासून!" कुरलायचा आवाज चढला आणि मध्येच अडला. "आणि मी रोज तुला वाटेल ते बोलत होते, ते ऐकून घेतलंस? तोंड नव्हतं तुला?"

"तेव्हा मी याच कुपीतले कण पाहिले. तुमच्या हातून दोन पदार्थ एकदम तयार झाले होते, आपाय. मुद्दाम थोडंच केलं होतं तुम्ही." तोग्झान कोटाच्या बाहीशी चाळा करत राहिली. "वाटलं, खराखुरा पांढरा मी बनवून दाखवला, तर हे सांगायची वेळच येणार नाही."

बाहेर बर्फ उपसणाऱ्या फावड्यांचा आवाज चालला होता. कुरलायने सोलचं पत्र उचललं, पुन्हा वाचलं. मग निबंध छापणाऱ्या नियतकालिकाचा पत्ता शोधून काढला, कोपऱ्यातलं स्टूल ओढून आपल्या खुर्चीशेजारी ठेवलं आणि संगणकाचा कळफलक त्याच्यासमोर सरकवला.

"बस. निबंध मागे घेतो म्हणून लिहायचंय."

"मी लिहू?"

"पहिलं वाक्य तू लिही. मी लिहिलं तर लांबण लावीन."