ल्याव शेठच्या चहाच्या टेबलावर घेतलेलं माप

मित्रांनो, मी एक जुना कॅलिपर आहे, जाडी मोजायचं हत्यार. दोन जबडे, एक तबकडी, बस्स. मिलिमीटरचे शंभर भाग केले तर त्यातला एकसुद्धा माझ्या नजरेतून सुटत नाही. आता दमलोय, पण खोटं माप कधी दिलं नाही.

तैवानमधल्या ताइचुंग शहरात, बेअरिंगच्या एका कारखान्यात यो चिन-फा नावाच्या इंजिनिअरनं मला बावीस वर्षं वापरलं. संध्याकाळी तो मला पुसायचा, तेलाचं बोट फिरवायचा, मगच स्वतःचे हात धुवायचा. "योचं माप म्हणजे काळ्या दगडावरची रेघ," असं सगळे म्हणायचे, आणि मला वाटायचं, हे माझंच कौतुक.

मग डिझाइनची माणसं कमी केली. विक्रीच्या प्रमुख वेईबाई त्याला म्हणाल्या, "यो, तुला मशीन कळतं. आता गिऱ्हाईक सांभाळ. ल्याव शेठ आपलं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. तेवढं जपलंस तरी तुझी नोकरी राहील."

पन्नाशी उलटल्यावर बिचारा स्कूटरवर दारोदार हिंडायला लागला. मी बॅगेत, माहितीपत्रकांच्या खाली. तेलाचं बोट सुटलं ते तेव्हापासून.

ल्याव शेठची तक्रार होती की तुमची बेअरिंगं शाफ्टवर, म्हणजे मशीनच्या फिरत्या दांड्यावर, सैल बसतात. त्यांच्या कारखान्यात दाराशीच चहाचं टेबल. शेठ स्वतः इवल्या इवल्या कपांत चहा ओतत होते. शेजारी त्यांचे थोरले भाऊ आणि दोन कारागीर. योनं पहिला कपही संपवला नाही. मला बाहेर काढलं, समोरचा शाफ्ट माझ्या जबड्यात धरला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "बेअरिंग बरोबर आहे, शेठ. तुमचा शाफ्टच सात शतांश बारीक घासलाय."

शाफ्ट थोरले भाऊ घासायचे. अडुसष्ट वय, चाळीस वर्षं त्याच मशीनवर, आणि नजर अधू होत चाललेली. तिथं सगळ्यांना हे ठाऊक होतं. शेठ भावाच्या चुकांवर पांघरूण घालत होते.

"चहा घ्या, गार होतोय," एवढंच शेठ म्हणाले. दुसऱ्या दिवशी ऑर्डर रद्द झाली.

"पण माझं माप चुकलं नव्हतं," यो वेईबाईंना म्हणाला.

"नव्हतं ना? मग आता ते उराशी धरून बस. महिनाभर वाट बघते, नाहीतर दुसरीकडे नोकरी बघ."

खरं सांगतो, मला माझीच लाज वाटली.

यो दर मंगळवारी शेठकडे जायचा. चहा प्यायचा, हवापाण्याचं बोलायचा, परत यायचा. तिसऱ्या मंगळवारी तो निघाला, तर थोरले भाऊ मागोमाग फाटकापर्यंत आले. खिशातून एक शाफ्ट काढून म्हणाले, "यंत्र आणलंयस ना? मोज."

आजूबाजूला कुणी नव्हतं. योनं मोजलं आणि माझे जबडे मिटले.

"किती?"

"दादा, हवं तर आम्हीच शाफ्ट घासून..."

"आकडा विचारला मी."

"नऊ शतांश," यो हळूच म्हणाला.

"मागे सात होतं." म्हाताऱ्यानं शाफ्ट खिशात ठेवला. "बरं झालं सांगितलंस. आत सगळे मला 'झकास आहे दादा' म्हणतात."

पुढच्या मंगळवारी त्यांची खुर्ची रिकामी होती. शेठ चहा ओतत म्हणाले, "दादांनी मशीन सोडलं. गुडघे फार दुखतात म्हणाले. आता बेअरिंगबरोबर शाफ्टही तुम्हीच घासून पाठवा."

योनं कप दोन्ही हातांनी उचलला. "हो शेठ," तो म्हणाला, "या वयात गुडघ्यांना जपायलाच हवं."

नोकरी राहिली. तरी बाहेर आल्यावर तो कितीतरी वेळ स्कूटर सुरू करेना. मलाही आनंद झाला नाही.

मित्रांनो, जुन्या हत्यारांना धुळीत टाकू नका, अधूनमधून पुसत जा. आमचं माप खरंच असतं. पण ते ज्याचं आहे त्याला, बाजूला घेऊन सांगा. तेवढं आम्हाला जमत नाही.