टायर आपोआप फुटत नाही

मित्रांनो, मी एक जुना टायर आहे. जुना म्हणा, झिजलेला म्हणा, दुसऱ्यांदा रबर चढवलेला म्हणा, मला राग येणार नाही. पण "टायरचा काय भरवसा, कधीही फुटतो," असं कोणी म्हणालं तर मी ऐकून घेणार नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. पोलादी तारांच्या जाळीवर रबराचे थर चढवून मला साच्यात शिजवलं गेलं. तिथून मी गडचांदूरला सुगंधाबाईंच्या अड्ड्यावर आलो. सुगंधाबाईंचे ट्रक सिमेंट वाहतात. त्यांच्या हरिदास नावाच्या चालकाच्या ट्रकला मागच्या जोडचाकांत मला आतल्या बाजूला बसवलं. माझ्यासोबत आलेला माझा जोडीदार बाहेरच्या बाजूला बसला.

आमचा रस्ता लांबचा होता. राजुरा, बल्लारपूर, गोंडपिपरी, आष्टीजवळचा वैनगंगेचा पूल, मग आलापल्लीचं सागाचं जंगल आणि शेवटी सिरोंचा. जाताना सिमेंट, येताना तांदूळ नाहीतर मिरची. हरिदासभाऊ गाडी जपून चालवायचे. गाडी थांबली की पेचकसाने आमच्या खाचांत अडकलेले खडे काढायचे. "असे टायर पुन्हा भेटणार नाईत," असं ते इतर चालकांना सांगायचे, तेव्हा मला फार बरं वाटायचं.

पण त्यांच्या मनात एक समजूत घट्ट बसली होती. उन्हाळ्यात टायर तापला की थोडी हवा सोडायची, म्हणजे तो फुटत नाही. त्यांच्या उस्तादाने त्यांना तसंच शिकवलं होतं. आमच्याकडचा उन्हाळा तुम्हाला ठाऊकच आहे. डांबर मऊ पडतं, दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. भाऊ गाडी झाडाखाली लावायचे आणि आमची हवा सोडायचे.

मित्रांनो, कमी हवेच्या सायकलवर मित्राला मागे बसवून एकदा चढ चढून बघा. पाय भरून येतात. ट्रकचंही तसंच होतं. आम्ही मऊ पडलो की इंजिन धापा टाकतं आणि जास्त डिझेल पितं. आमच्या कडा लवकर झिजतात. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात आमचं अंग दबतं, सुटतं, पुन्हा दबतं, आणि त्या दबण्यानेच आम्ही आणखी तापतो. जी भीती घालवायला हवा सोडली, तीच अशी जवळ येते. त्यात मालाची मागणी मोठी असली की सुगंधाबाई मापापेक्षा चार पोती जास्त चढवायला लावायच्या. मी हे सगळं सोसत होतो, पण टायरला बोलता कुठे येतं?

तो मे महिना होता. तेंदूपानांचा हंगाम चालू होता. आलापल्लीच्या पुढे एका गावाजवळ रुखमा नावाची बाई पानांचा भारा डोक्यावर घेऊन रस्त्याच्या कडेने चालली होती. भाऊंनी आष्टीला आमची हवा सोडली होती. आतल्या चाकापर्यंत हात नीट पोचत नाही, म्हणून माझी थोडीच गेली. जोडीदाराची मात्र बरीच गेली. रुखमाबाईच्या अगदी बाजूला आलो आणि तो फुटला. त्याचा जाड तुकडा उडून तिच्या उजव्या हातावर बसला. ती पडली, भारा विस्कटला.

सगळा बोजा एकट्या माझ्यावर आला. गाडी तिच्या बाजूला झुकली होती. मी दबलो, पण गाडी कलंडू दिली नाही. हे मी छाती पुढे काढून सांगतो, कारण पुढे मलाच गुन्हेगार ठरवलं गेलं.

भाऊंनी मागून येणारी जीप थांबवून रुखमाबाईला दवाखान्यात नेलं. हात दोन जागी मोडला होता. तिचा तो हंगाम तर गेलाच, पुढचं सगळंच अडलं.

गडचांदूरला सुगंधाबाईंचे दीर गुणवंतराव खरेदीचं बघायचे. बातमी कळताच त्यांनी ठरवून टाकलं की माल खराब आहे, जुने सगळे टायर उतरवायचे, वीटभट्टीवर जाळायला द्यायचे आणि नवे घ्यायचे. त्यांनाही धसकाच बसला होता. हरिदासभाऊ खाली मान घालून ऐकत राहिले. खरं बोललं तर नोकरी जाईल, हे त्यांना दिसत होतं. मी तिथेच होतो. जाळायचं तर जाळा, पण न केलेल्या गुन्ह्यासाठी का, असं मला ओरडावंसं वाटत होतं.

नवे टायर अजून यायचे होते, म्हणून मी गाडीलाच होतो. पुढच्या खेपेला सुगंधाबाई स्वतः ट्रकमध्ये बसून रुखमाबाईला भेटायला निघाल्या. तिचं घर रस्त्यालाच लागून होतं. ट्रक अंगणापाशी थांबला. दवाखान्याचा खर्च मी करीन, असं बाईंनी सांगितलं. मग म्हणाल्या, टायरच खराब निघाला, कोणाच्या हातचं नव्हतं.

रुखमाबाई गळ्यात हात बांधून बाजेवर बसली होती. ती रडली नाही. तिने सरळ कारण विचारलं, "फुटला, फुटला, सारेच म्हणून राह्यले. फुटला काऊन, थे सांगा मले."

मग हरिदासभाऊ पुढे आले.

"टायरचा दोष नाई, बाई," ते म्हणाले. "हवा मीनं सोडली होती. दर उन्हाळ्यात सोडतो."

सुगंधाबाई त्यांच्याकडे वळल्या. मला वाटलं, आता भाऊंची नोकरी गेली. पण त्या बाजेच्या कडेला बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "अन् जास्तीचे पोते मी चढवायले लावले."

रुखमाबाईने दोघांकडे पाहिलं. माफ केलं, असं ती म्हणाली नाही. "मंग आता तरी नीट वागा," एवढंच म्हणाली.

मला भट्टीवर पाठवलं नाही. चंद्रपूरला टायरवर नवं रबर चढवतात, त्या ठिकाणी नेलं. तिथल्या खुशबू नावाच्या मुलीने दिवा लावून मला आतून-बाहेरून तपासलं. सोबत नेलेले जोडीदाराचे तुकडेही तिने पाहिले. कमी हवेवर चालून त्याच्या आतल्या भिंती चुरगळल्या होत्या. माझा सांगाडा मात्र शाबूत होता. माझं झिजलेलं रबर खरवडून तिने नवं चढवलं आणि मी पुन्हा रस्त्यावर आलो.

आता सकाळी गाडी निघण्याआधी, आम्ही थंड असतानाच, आमची हवा मापतात. मापापेक्षा जास्त पोती चढत नाहीत. त्यापायी सिरोंचाचा एक व्यापारी रागावून दुसरीकडे गेला. जाऊ दे. पूर्वी परतताना आलापल्लीला डिझेल भरावं लागायचं, आता तेवढ्याच डिझेलमध्ये आम्ही घरी पोचतो. गुणवंतरावांचा अजून विश्वास बसलेला नाही. न बसो! माझ्यावर विश्वास ठेवा असं मी म्हणतच नाही. मला वापरून बघा.

सगळं पूर्वीसारखं झालं, असंही मी म्हणणार नाही. रुखमाबाईचा हात सरळ होत नाही. ती आता डाव्या हाताने पानं तोडते.

याच उन्हाळ्यात एका ढाब्यावर शेजारच्या ट्रकचा तरणा चालक टायरपाशी वाकला आणि हवा सोडू लागला. हरिदासभाऊंनी जेवण टाकून त्याचा हात धरला.

"सोडू नोको," ते म्हणाले. "अशीच हवा सोडून मीनं एका बाईचा हात मोडला."

त्या पोराने हवेच्या नळीचं टोपण परत बसवलं.

मित्रांनो, वस्तू कधी ना कधी झिजणारच. मीही झिजेन, आणि त्याचं मला भय नाही. पण मला झिजू द्या, फोडू नका. आणि एखादा टायर फुटलाच, तर त्याला भट्टीत टाकण्याआधी विचारा, काऊन फुटला?